गेटवाले गांगुर्डे सर

गांगुर्डे सरांनी मला पहिल्याच भेटीत हाकलून दिलं होतं. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. त्यांनी ज्यांना हाकललं त्यातले बरेचजण आज कुठं ना कुठं कामाला आहेत आणि दिवाळीला त्यांना आठवणीनं फोन करतात.

सातपूरला एका ट्रस्टचं छोटं केंद्र आहे. नोकरी शोधणाऱ्यांना तिथं संगणक, अर्ज लिहिणं, चारचौघांत बोलणं असं सगळं फुकट शिकवतात आणि मग कंपन्यांमध्ये मुलाखतीला पाठवतात. एका सोमवारी सकाळी मी फाईल छातीशी धरून तिथं गेलो. पटांगणात एक लोखंडी गेट होतं. म्हणजे नुसतं गेटच होतं. दोन्ही बाजूंना ना भिंत, ना कुंपण. शेजारी पूर्वीच्या एसटीडीवाल्याचा पिवळा बूथ, आणि त्या बूथमध्ये खाकी टोपी घातलेला साठीचा एक काटकुळा माणूस.

"कोणाला भेटायचंय?" तो वसकन अंगावर आला.

"ते... इथं नोकरीचं..."

"भरती नाही."

"नाही, मी ट्रेनिंगसाठी विचारायला..."

"साहेब जेवायला गेलेत."

सकाळचे सव्वादहा वाजले होते. सव्वादहाला कुठला साहेब जेवतो, हे विचारायचं मला सुचलं नाही. गेटला वळसा घालून चार पावलं चाललो असतो तरी आत पोचलो असतो, तेही सुचलं नाही. मी "बरं" म्हणालो, वळलो आणि रिक्षा स्टँडकडे चालू लागलो. खरं सांगायचं तर आतून जरा हायसंच वाटलं होतं.

तेवढ्यात मागून शिट्टी वाजली. बघतो तर तोच माणूस टोपी हातात धरून, शिट्टी तोंडात ठेवून पळत येतोय. शिट्टीमुळे त्याला बोलता येत नव्हतं आणि धापेमुळे शिट्टी आपोआप वाजत होती. सगळा रिक्षा स्टँड आमच्याकडे बघायला लागला.

"अहो, पळता काय?" त्यानं माझी फाईलच पकडली. "दोनच झाले होते! तिसरा नकार तरी ऐकून जायचं!"

मी घाबरून त्याच्याकडे बघत राहिलो. तोही माझ्याकडे बघत राहिला, अगदी जवळून, चष्मा वर करून. मग आवाज उतरवून म्हणाला, "कळवणकडचे का तुम्ही?"

"नाही. सायखेड्याचा."

"हं." का कोण जाणे, त्याचा चेहरा थोडा पडला. "बरं, चला. परत गेटपासून."

तर हे गांगुर्डे सर. मी त्यांना वॉचमन समजलो होतो. आत गेल्यावर कळलं की सगळे त्यांना सर म्हणतात. आणि महिन्याभरानं संगणक शिकवणाऱ्या शिंदे मॅडमनी चहा पिता पिता सांगितलं, की कागदावर ते वॉचमनच आहेत. केंद्र राखायला म्हणून ठेवले होते. पण मुलाखतीला निघालेली पोरं गेटवरूनच परत येतात हे त्यांनी पाहिलं, आणि स्वतःहून एकेकाला पकडून तालीम द्यायला सुरुवात केली. ट्रस्टच्या थोरल्या साहेबांना ते आवडलं. मग भंगारवाल्याकडून गेट आलं, त्याच्या मागून बूथ आला. शिंदे मॅडम म्हणाल्या, "ह्यांचं गेट आमच्या अभ्यासक्रमात कुठंही नाही, आणि पोरांना विचाराल तर तेवढंच लक्षात राहतं."

आता माझं सांगतो. अंबडच्या एका कारखान्यात मी अठरा वर्षं पॅकिंगला होतो. कारखाना दुसऱ्या राज्यात गेला, मी इथंच राहिलो. वय चव्वेचाळीस. आयुष्यात एकही मुलाखत दिलेली नव्हती, कारण पहिल्या नोकरीला मामांनी हाताला धरून नेऊन चिकटवलं होतं. आणि मामा आता नाहीत.

त्या दिवसांत मला कशाची भीती वाटत नव्हती ते सांगणं सोपं जाईल. फोन वाजला की मी दचकायचो, आणि दिवसभर वाजला नाही की दर पाच मिनिटांनी उचलून बघायचो. जुन्या मित्रांच्या ग्रुपवर कोणी नव्या नोकरीचा फोटो टाकला की मी खाली अंगठा टाकायचो आणि फोन उलटा करून ठेवायचो. पण सगळ्यात मोठी भीती चार ओळींच्या एका कागदाची होती. आमच्या श्वेताचा अकरावीचा प्रवेश अर्ज. तिनं अर्धा भरला आणि मान वर न करता विचारलं, "पप्पा, वडिलांचा व्यवसाय काय लिहू?"

"नोकरी लिही," मी म्हणालो.

तिनं पेन उचललं, थोडं थांबली, आणि म्हणाली, "तेवढं रिकामं ठेवते. शेवटच्या तारखेला अजून वेळ आहे." पोरगी समजूतदार आहे. पण ती समजूतदार आहे याचीच मला जास्त भीती वाटली. त्या रिकाम्या चौकोनात काहीतरी खरं लिहिता यावं, एवढ्यासाठी मी गांगुर्डे सरांच्या तावडीत टिकून होतो.

सरांची पद्धत अशी. रोज सकाळी प्रत्येकानं गेटवर यायचं. सर बूथमधून "कोणाला भेटायचंय?" म्हणणार. त्यांच्याकडे चार वाक्यं होती: भरती नाही, साहेब जेवायला गेलेत, लिस्टमध्ये नाव नाही, उद्या या. ही ते कोणत्याही क्रमानं आणि कोणत्याही आवाजात अंगावर सोडत. आपण जागेवरून हलायचं नाही. तीन नकार ऐकेपर्यंत मागं वळायचं नाही आणि प्रत्येक नकाराला म्हणायचं, "हरकत नाही, मी थांबतो." चौथ्याला वळलात तर सरांची ना नव्हती. पण चौथा नकार ते कधी देतच नसत.

"मुलाखतीत कोणी नापास होत नाही भाऊ," ते म्हणायचे. "मुलाखतीपर्यंत पोचणारा तिथंच निम्मा पास. खरा पेपर गेटवर असतो. आणि तो पेपर तपासणारा दहावी नापास असतो."

मी एकदा म्हणालो, "सर, पण भीती जाणार कशी?"

"जात नाही हो. कुणाची गेलीय? तिला फक्त उभं राहायला शिकवायचं."

बूथमध्ये सुतळीनं बांधलेलं एक रजिस्टर होतं. नाव, कोणाला भेटायचं, आल्याची वेळ, गेल्याची वेळ. पहिल्या दिवशी आल्याची वेळ लिहायची. गेल्याची वेळ नोकरी लागल्यावर. मधल्या काळात तुम्ही घरी जा, जेवा, झोपा, रजिस्टरच्या हिशेबी तुम्ही आतच. मी असा साडेचार महिने आत होतो.

गेटला वळसा घालायची कुणालाही परवानगी नव्हती. पेठकडची जिजा म्हणून एकोणीस वर्षांची पोरगी होती. ती दुसऱ्या दिवशी शांतपणे बाजूनं चालत आत गेली. सरांनी अशी शिट्टी फुंकली की वर्गातले सगळे बाहेर आले.

"गेटमधून!"

"पण सर, हितं तं मोकळंच हाय."

"तिथं नसतंय! तिथं दोन्हीकडं भिंत असती!"

"मंग तिथं गेटातून जाईन ना." जिजा म्हणाली. तिचं चुकलं नव्हतं. पण त्याच्या पुढच्या दिवशी गेटासमोर उभी राहिली तेव्हा तिनं गेटचा गज घट्ट धरला. "नाय जमायचं सर, लय भ्याव वाटतं," म्हणाली आणि रडली. सर बूथमधून बाहेर आले, टोपी काढली, तिच्याशेजारी नुसते उभे राहिले आणि पाच मिनिटांनी परत आत जाऊन ओरडले, "भरती नाही!" जिजा रडत रडत म्हणाली, "हरकत नाय, मी थांबते."

एकदा ट्रस्टला पैसे देणाऱ्या लोकांचा एक अधिकारी तपासणीला आला. चकचकीत बूट, हातात टॅब. सरांनी माणूस ओळखला नाही, किंवा ओळखून मुद्दाम केलं असेल, देव जाणे. "कोणाला भेटायचंय?... लिस्टमध्ये नाव नाही... उद्या या." तो गृहस्थ चक्क गाडीत जाऊन बसला. शिंदे मॅडम अनवाणी धावल्या, माफी मागून त्याला आत आणलं. आम्हाला वाटलं, केंद्राला आता कुलूप लागणार. सर मात्र संध्याकाळपर्यंत खुशीत. "बघितलं? टॅबवाला सुद्धा वळला. मग तुम्ही वळता त्यात लाज कसली?"

एवढा दरारा असलेला हा माणूस स्वतः पराकोटीचा भित्रा होता. लिफ्टमध्ये चढत नसे. एटीएमला जिजाला सोबत घेऊन जाई. शिंदे मॅडमचा आवाज चढला की बूथमध्ये जाऊन बसे. आणि कुणाची मुलाखत असली की त्या दिवशी सरांना घास उतरत नसे. डबा तसाच परत. टोपीचा पट्टा दाताखाली धरून ते घड्याळाकडे बघत बसत. बसत म्हणजे, थोडाच वेळ. मग गायब होत.

ते कुठं जातात हे जिजामुळे कळलं. तिची मुलाखत पिंपळगाव बसवंतला होती, द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये, माल निवडायच्या कामाला. मुलाखत देऊन ती बाहेर आली तर समोर कांद्यानं भरलेल्या टेम्पोच्या आडून एक खाकी टोपी दिसली.

"सर? तुम्ही हितं कसं काय?"

"मी? मी कांद्याचा भाव बघायला आलो होतो," सर म्हणाले. सरांकडे कांदा लावायला कुंडीसुद्धा नाही.

आणि एक सवय. चाळिशी ओलांडलेला कोणी पुरुष केंद्रात आला की सर चष्मा वर करून विचारायचे, "कळवणकडचे का?" कळवणची तरुण पोरं पुष्कळ यायची, त्यांना काही नाही. फक्त आमच्या वयाच्या माणसांना. आम्ही त्यावरून त्यांना खूप चिडवायचो. कुणी म्हणे, सरांची कळवणला जमीन अडकलीय. कुणी म्हणे, जुनं प्रकरण असेल. सर टोपी डोळ्यांवर ओढून घेत आणि रजिस्टर उघडून बसत.

शेवटी माझा नंबर लागला. अंबडला एका कंपनीत स्टोअरला माणूस हवा होता. श्वेताच्या अर्जाला चार दिवस उरले होते. मुलाखतीच्या सकाळी मला दोनदा उलटी झाली. बायकोनं लिंबू-पाणी दिलं, शर्टाची कॉलर नीट केली आणि म्हणाली, "नाही झालं तरी घरी या." असं का म्हणाली, तेव्हा कळलं नाही. गाडीवर बसल्यावर लक्षात आलं. नाही झालं तर घरी जाऊच नये, हा विचार मी कुणाला बोललो नव्हतो. तिला कळला होता.

कंपनीचं गेट आलं. तसंच लोखंडी, फक्त दोन्हीकडे भिंती. केबिनमध्ये तिशीतला एक वॉचमन. मी पायांत अंतर ठेवून, फाईल डाव्या हातात धरून, सरांनी शिकवल्यासारखा उभा राहिलो आणि पहिल्या नकाराची वाट बघू लागलो.

"या काका," तो हसून म्हणाला. "मुलाखतीला ना? उन्हातून आलात, पाणी घ्या आधी."

माझ्या डोक्यात सगळा गोंधळ उडाला. याची तालीमच झाली नव्हती. पाणी प्यालो. तो म्हणाला, "जा आत, डाव्या हाताला ऑफिस."

"हरकत नाही," मी म्हणालो, "मी थांबतो."

"थांबता कशाला? जा ना."

"नाही नाही, साहेबांचं जेवण होऊ द्या."

"साहेब मघापासून तुमचीच वाट बघतायत काका!"

"हरकत नाही, मी थांबतो."

साडेचार महिन्यांची सवय. शेवटी बिचारा केबिनमधून बाहेर आला, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मला ऑफिसच्या दारापर्यंत सोडून गेला. आतलं फारसं आठवत नाही. दोन माणसं होती. मालाची नोंद कशी ठेवाल असं काहीसं विचारलं, ते मला येत होतं. बोललो. "कळवतो," म्हणाले. कळवतो या शब्दाची मला किती भीती वाटते, ते आता सांगत बसत नाही.

बाहेर आलो. रस्त्यापलीकडे कडुनिंबाखाली उसाच्या रसाची गाडी होती. गाडीमागं गांगुर्डे सर, टोपी खिशात कोंबलेली.

"काय सर, उसाचा भाव बघायला?"

ते हसले नाहीत. एकटक माझ्याकडे बघत होते. "त्यानं पाणी दिलं तुम्हाला?"

"हो. फार चांगला पोरगा आहे. मीच वेड्यासारखा..."

"पाणी दिलं," ते परत म्हणाले आणि बाकावर बसले. रसवाल्यानं दोन ग्लास आणून ठेवले, ते त्यांनी बाजूला सारले. मला वाटलं, चक्कर आली.

"दिलीपभाऊ, मी याच एमआयडीसीत बारा वर्षं गेटवर होतो," ते म्हणाले. "खरा वॉचमन. वीस वर्षांपूर्वी एक दिवस एक पोरगा आला. निळ्या चौकड्यांचा शर्ट, हातात पिशवी. कळवणकडून आलोय म्हणाला, भरती आहे का? मे महिन्याचं ऊन. घामानं निथळत होता. सकाळी सुपरवायझर मला सगळ्यांदेखत बोलला होता, माझं डोकं फिरलेलं. मी म्हणालो, भरती नाही. तो म्हणाला, बरं. आणि वळला."

रसवाल्याचं घुंगरू वाजत होतं. सर त्याच्याकडे बघत होते.

"होती हो. आत चालू होती. एकच जागा होती, साहेब दिवसभर बसून होते. मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नाही. आत एक फोन करायचा होता फक्त. संध्याकाळी साहेब जाताना म्हणाले, कमाल आहे, कोणी आलंच नाही. मी तसाच स्टँडवर पळालो. कळवणच्या तीन गाड्या बघितल्या, आत चढून. नव्हता. नंतर सुट्टीच्या दिवशी कळवणलासुद्धा गेलो, चार-पाच वेळा. नाव माहीत नाही, काय विचारणार लोकांना? निळा शर्ट?"

मी म्हणालो, "सर, त्याला दुसरीकडे लागली असेल नोकरी. आता पोरंबाळं असतील त्याला."

"असतील," सर म्हणाले. "पण मी पाणीसुद्धा विचारलं नाही."

त्या क्षणी मला त्यांच्याविषयी माया वाटली आणि भीतीही वाटली. एखादं वाक्य आपल्या तोंडून असं सहज निघून जातं आणि मग माणूस वीस वर्षं त्याच्या मागं पळत राहतो. मी अठरा वर्षं पॅकिंगला होतो, किती जणांना मी "नाही" म्हणालो असेन, आठवायचा प्रयत्न केला आणि मग सोडून दिला.

तिसऱ्या दिवशी फोन आला. सहा महिने बघू, मग कायम करू, असं म्हणाले. श्वेतानं त्या चौकोनात गोल अक्षरात "नोकरी" लिहिलं आणि अर्ज माझ्यासमोर धरला. मी सही केली. फोन वाजला की अजूनही दचकतो, ते काही गेलेलं नाही.

पहिल्या सुट्टीच्या दिवशी पेढे घेऊन केंद्रात गेलो. सर बूथमध्येच होते. त्यांनी रजिस्टर पुढं सरकवलं. "गेल्याची वेळ लिहा."

माझी ओळ शोधताना पानं मागं मागं उलटली आणि पहिलं पान उघडलं. सगळ्यात वरची ओळ सरांच्याच अक्षरात होती. नावाच्या जागी काही नाही. कोणाला भेटायचं: भरती. आल्याची वेळ: सव्वादहा. गेल्याची वेळ कोरी. मागं फळीवर भरलेली तीन जुनी रजिस्टरं होती. मी सरांकडे बघितलं. ते पेढ्याच्या खोक्याची दोरी सोडण्यात गुंतले होते. मी एक रजिस्टर काढून पाहिलं. पहिली ओळ तीच. बाकीची दोन मी काढली नाहीत.

मी माझी वेळ लिहीत होतो तेवढ्यात गेटवर कोणीतरी आलं. पंचेचाळिशीचा, रापलेला माणूस, कानावरचे केस पांढरे, हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत कागद. गेटच्या बाजूला केवढी मोकळी जागा होती, पण तो गेटासमोरच उभा राहिला.

सरांनी टोपी चढवली. "कोणाला भेटायचंय?"

"नाय, ते जरा... कामाचं इचारायचं होतं."

सरांनी चष्मा वर केला. मी पेन हातात धरून थांबलो. "कळवणकडचे का?"

"हो जी," तो म्हणाला. "कळवणपासून आत हाय गाव. तुम्ही कसं वळखलं?"

सरांचा हात तसाच चष्म्यावर राहिला. त्यांचा चेहरा असा भेदरला, की मी त्यांना धरायला पुढं झालो. त्यांनी टोपी काढली. आत वळले, माठातून स्टीलचा ग्लास भरला आणि गेटापर्यंत गेले. घाईत निम्मं पाणी वाटेतच सांडलं.

"याआधी कधी अंबडला आला होतात? पुष्कळ वर्षांपूर्वी? कंपनीत विचारायला?"

"नाय बा. पयल्यांदाच येतोय. आजवर कधी कामच पडलं नाय." ग्लास हातात घेऊन तो गोंधळून आमच्याकडे बघत होता. आपलं काही चुकलं की काय, अशी भीती मला त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसली. ती मला चांगली ओळखीची होती.

"असू द्या," सर म्हणाले. "असू द्या. पाणी प्या आधी."

तो प्याला. मग ग्लास परत देत त्यानं हळूच विचारलं, "हितं भरती हाय का हो?"

मी सवयीनं कान टवकारले. चार वाक्यांपैकी कुठलं येतंय ते बघत होतो. सरांनी गेटची कडी काढली आणि दोन्ही दारं सताड उघडली.

"आहे," ते म्हणाले. "आत चालू आहे. या."